दुसरी प्रत

उपयोजित कलेच्या शिक्षणाचे पहिले वर्ष सर्वांसाठी सारखे असते. रेखाटन, अक्षरलेखन, रंगयोजना, आकारांची मांडणी अशा साऱ्याच गोष्टींची तोंडओळख होते. पुढे वाटा फुटतात. कोणी जाहिरातीच्या संकल्पनेकडे वळतो, कोणी अक्षररचनेकडे, कोणी चित्रांकनाकडे, आणि मूठभर विद्यार्थी छायाचित्रण घेतात. सुरुवातीला शिक्षक विषय देतात आणि विद्यार्थी तो पुरा करून आणतो. काचेच्या पेल्यावरचा प्रकाश, कापडाचा पोत, वृद्ध माणसाचा चेहरा, पावसातला रस्ता. अंतिम वर्षी मात्र विषय देणारे कोणी उरत नाही. वर्षभर एकाच विषयाचा पाठपुरावा करावा आणि अखेरीस भिंतीवर आपली चित्रे टांगावीत, एवढेच सांगितले जाते. या मोकळेपणाचा आनंद पंधरवडाभर टिकतो. त्यानंतर हळूहळू ध्यानात येते की, दाखवण्याचे कसब हाताशी आले आहे. पण काय दाखवायचे, आणि कोणाला, हे काही अजून उमगलेले नाही.

१९९६ च्या जून महिन्यात मुंबईतील अशाच एका महाविद्यालयात अंतिम वर्षाला आलेला एक विद्यार्थी नेमका या जागी येऊन ठेपला होता. तो साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावाहून आलेला. त्या गावात बाजारपेठेच्या टोकाला एकच फोटो स्टुडिओ होता. आत एक रंगवलेला पडदा असे. त्यावर कमानी, जिना आणि कधीही न कोमेजणारी बाग. पडद्यापुढे लाकडी खुर्ची, खुर्चीशेजारी तिपाईवर प्लास्टिकच्या फुलांची परडी. गावातील प्रत्येक कुटुंब आयुष्यात एकदोनदा तरी त्या खुर्चीपाशी ताठ उभे राहिले होते. त्याच्या आजीचे एकमेव छायाचित्र तेथेच काढलेले. आजी गेल्यावर घरच्या भिंतीवर त्याला हार चढला. मुंबईत आल्यावर पहिल्याच वर्षी त्याला कळले की, अशा छायाचित्रांना कला म्हणत नाहीत. सपाट प्रकाश, मधोमध उभे केलेले माणूस, कॅमेऱ्याकडे रोखलेली नजर, हे सारे टाळण्याचे दोष म्हणून शिकवले जात होते. तो ते मन लावून शिकला. सुटीत गावी गेला की त्या स्टुडिओवरून जाताना त्याला काहीसे अवघडल्यासारखे होई.

त्या काळी छायाचित्रणाचे शिक्षण म्हणजे मुख्यतः काळोखातले शिक्षण होते. एका रोलमध्ये छत्तीस चित्रे, आणि प्रत्येक चित्राला पैसे पडत. म्हणून दोघेतिघे मिळून फोर्टातील बोराबाजारातून शंभर फुटांचा फिल्मचा डबा आणत आणि जुन्या रिकाम्या डब्यांत तो हाताने भरत. एका डब्यात अठरा-एक रोल निघत. फिल्म पूर्ण अंधारात, केवळ बोटांच्या अदमासाने, गोल रिळावर चढवावी लागे. एखादी घडी चुकली तर दोन थर एकमेकांना चिकटत आणि तेवढी चित्रे कायमची जात. डी-७६ या रसायनाचे तापमान वीस अंशांच्या आसपास हवे असे. मुंबईच्या नळाचे पाणी तेवढे थंड जानेवारीतही क्वचितच असते. मग उपाहारगृहातून बर्फाचे तुकडे मागून आणायचे, ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तबकात सोडायचे आणि तापमापकाकडे पाहत बसायचे. कागदावर चित्र उमटवताना मात्र लाल दिवा चाले. एन्लार्जरखालून निघालेला कोरा कागद रसायनात बुडवला की क्षणभर काहीच होत नसे. मग प्रथम केस, भुवया, साडीचा काठ अशा गडद जागा वर येत, आणि मिनिटा-दीड मिनिटात एक माणूस पाण्याखालून पाहू लागे. वर्षानुवर्षे हे काम करणाऱ्यांचीही नजर त्या क्षणी तबकावरून हलत नाही.

यानंतरचे काम कंटाळवाणे, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे. चित्र हायपोमध्ये स्थिर करायचे आणि वाहत्या पाण्यात तासभर धुवायचे. कागदात हायपोचा अंश राहून गेला तर चित्र आज उत्तम दिसते. पण काही वर्षांनी ते पिवळे पडू लागते. घाईने धुतलेल्या चित्राचा दोष परीक्षकाला दिसत नाही. तो दिसतो ज्याच्या घरी ते चित्र राहते त्याला. प्रयोगशाळेतील वृद्ध मदतनीस ही गोष्ट प्रत्येक तुकडीला सांगत असे, आणि प्रत्येक तुकडी ती ऐकून न ऐकल्यासारखी करत असे. कारण विद्यार्थ्यांची चित्रे कोणाच्याच घरी जात नसत. ती जाड काळ्या पुठ्ठ्यावर चिकटवली जात, गुण मिळवत, आणि मग खाटेखाली पडून राहत.

विषयांची यादी जणू वारशाने चालत आलेली होती. गिरणगाव, लोकल गाड्या, इराणी उपाहारगृहे, डबेवाले, धोबीघाट, ससून गोदी. दर वर्षी कोणी ना कोणी यांतले एखादे घेई. या विद्यार्थ्याने ससून गोदी घेतली. कुलाब्याच्या टोकाशी १८७५ साली बांधलेली ही गोदी ससून घराण्याच्या व्यापाराची निशाणी. एके काळी येथे कापसाचे गठ्ठे चढत-उतरत. पुढे ती मासळीची झाली. बंदर न्यासाकडून परवानगीचे पत्र मिळवून तो नारळी पौर्णिमेनंतर, बोटी पुन्हा समुद्रावर जाऊ लागल्या तेव्हा, पहाटे पाचच्या सुमारास तेथे पोचू लागला.

छायाचित्रकाराला आणखी काय हवे असते? ओल्या फरशीवर विजेच्या दिव्यांचे प्रतिबिंब, बर्फाच्या लाद्या फोडताना उडणारा चुरा, बोटीवरून धक्क्यावर झेललेल्या टोपल्या, सुरमईच्या पाठीवरची चकाकी, लिलावाच्या वेळी उंचावलेले हात. सूर्य वर येता येता साऱ्या आकृत्यांना पाठीमागून सोनेरी कड येई. पहिल्या दोन महिन्यांत त्याने चौदा रोल संपवले. त्यांतले एक चित्र सर्वांना फार आवडले. कोळंबीच्या ढिगात बुडालेले एका बाईचे दोन हात. बोटांना पाण्याने पडलेल्या सुरकुत्या, नखांत अडकलेली सालपटे, मनगटावर हिरव्या काचेच्या बांगड्या. चित्र कृष्णधवल असल्यामुळे बांगड्यांचा हिरवा रंग त्यात नव्हता. तो केवळ त्याला ठाऊक होता. चेहरा चौकटीबाहेर होता. शिक्षकांनी ते चित्र वर्गापुढे धरले आणि चेहरा वगळल्यामुळेच ते श्रमाचे प्रतीक झाले आहे, असे सांगितले. त्या दिवशी आपला विषय आपल्याला सापडला असे त्याला वाटले.

ऑक्टोबरमध्ये एका सकाळी तो पुन्हा त्याच शेडमध्ये गुडघ्यावर बसून कॅमेरा डोळ्याला लावत होता. तेथे बसणाऱ्या बायकांत सगळ्याच कोळणी नव्हत्या. पोटासाठी दूरदूरच्या मुलखांतून आलेल्याही पुष्कळ होत्या. सोललेल्या कोळंबीच्या वजनावर मजुरी. त्यामुळे बोलताना, हसताना, भांडतानाही हात थांबत नसत. ज्या बाईचे हात त्या चित्रात होते ती पन्नाशीची, नऊवारी नेसलेली. तिने मान वर न करता विचारले,

“काय रे पोरा, हे फोटो जातात कुठं?”

“कॉलेजात, मावशी. परीक्षेला लागतात.”

“दर वर्षाला येता तुम्ही. गेल्या साली दोन पोरी होत्या, त्याच्या आधी एक दाढीवाला. काढतात नि जातात. फोटो काही आमच्या नजरेला पडला नाय कधी.”

तिच्या स्वरात राग नव्हता. भाव वाढला, पाऊस लांबला, असे सांगावे तसे तिने ते सांगितले. शेजारच्या दोघी हसल्या आणि काम पुढे चालू राहिले.

त्या रात्री त्याने डार्करूममध्ये आपले सारे काँटॅक्ट शीट पुन्हा काढून पाहिले. काँटॅक्ट शीटवर छत्तीसही चित्रे टपाल तिकिटांएवढी, एकापुढे एक, घेतली त्या क्रमाने दिसतात. निवडलेल्या चौकटींभोवती लाल पेन्सिलीच्या खुणा होत्या. आजवर त्याने भिंगातून पाहिला होता तो प्रकाश, आकार, क्षण. आता तो माणसांच्या नजरा पाहू लागला. पहिल्या चौकटीत एखादी बाई कामात असे. तिसरीत तिची नजर कॅमेऱ्याकडे येई. पाचवीत ती पदर पुढे ओढी. सातवीत पाठ फिरवी. त्याच्या खुणा मात्र नेमक्या पहिल्या किंवा दुसऱ्या चौकटीवर असत. पुढच्या चौकटींना त्याने वाया गेलेल्या म्हणून सोडून दिले होते. तो जे पाहत नव्हता तेही फिल्मने नोंदवून ठेवले होते.

छायाचित्रणाच्या इतिहासाचा तास आठवड्यातून एकदा असे, आणि त्यात डोरोथिया लँग यांचे ‘मायग्रंट मदर’ हे चित्र येणे अपरिहार्यच होते. मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे, वाटाणा खुडणाऱ्या मजुरांच्या तळावर घेतलेले हे चित्र अमेरिकेतील मंदीच्या काळाची मुद्राच बनले. चित्रातील स्त्रीचे नाव लँग यांनी विचारले नव्हते. ते जगाला कळले १९७८ मध्ये, म्हणजे बेचाळीस वर्षांनी. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे तिचे नाव. या चित्रातून आपल्याला एक छदामही मिळाला नाही, ही तिची तक्रार सर्वांच्या परिचयाची आहे. दुसरी तक्रार साधी आहे, म्हणून सहसा मागे राहते. छायाचित्राची एक प्रत पाठवू, असे आपल्याला सांगण्यात आले होते, आणि ती कधीच आली नाही, असे थॉम्प्सन यांचे म्हणणे होते. लँग यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. ते चित्र वृत्तपत्रात आल्यावर त्या तळावर सरकारी धान्याची मदत पोचली, हेही खरे आहे. मदत देशाने केली; प्रत मात्र एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला द्यायची होती.

छायाचित्रकार आपल्या नावाविषयी जागरूक असतो, आणि ते योग्यच आहे. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या होमाई व्यारावाला यांची आरंभीची छायाचित्रे त्यांच्या पतीच्या नावाने छापली जात. भारतातील पहिली महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचे स्वतःचे नाव प्रस्थापित व्हायला वेळ लागला. हा अन्याय वर्गातील प्रत्येकाला कळत होता. पण चित्राच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाच्या नावाची गोष्ट त्याच वर्गात निघत नसे. फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर जुन्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’चे अंक मिळत. जून १९८५ च्या अंकावरील हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी वसतिगृहाच्या कितीतरी खोल्यांत भिंतीवर लावलेली होती. तेव्हा तिचे नाव कोणालाच माहीत नव्हते, आणि ते माहीत नाही याचे कोणाला काही वाटतही नव्हते. शरबत गुला हे नाव पुढे, २००२ मध्ये कळले.

नोव्हेंबरात विद्यार्थ्याने एक गोष्ट केली. निवडलेल्या प्रत्येक चित्राच्या त्याने दोन प्रती काढल्या. कागदाचा खर्च दुप्पट झाला, त्यामुळे महिनाभर तो दादरहून बोरीबंदरपर्यंत दुपारच्या जेवणाशिवाय येत-जात राहिला. दुसऱ्या प्रती तपकिरी पाकिटात घालून तो गोदीवर गेला. बायकांनी हात पुसून पाकीट घेतले. चित्रे एका हातातून दुसऱ्या हातात फिरू लागली. लिलावाचे चित्र पाहून कोणी म्हणाली, ही बघ, हिची पाठ. बर्फाचे चित्र पाहून कोणीच काही बोलले नाही. हातांचे चित्र त्या बाईपाशी आले तेव्हा तिने ते बराच वेळ न्याहाळले.

“हात माझेच,” ती म्हणाली. “बांगड्यांवरनं कळतंय. पण हे घरी नेऊन दाखवू कुणाला? तोंड कुठाय माझं?”

मग तिने तिला हवे असलेले चित्र त्याला सांगितले. येत्या रविवारी ती धाकट्या मुलीला घेऊन येणार होती. मुलीचे लग्न ठरले होते. मायलेकींचा एकत्र फोटो घरात एकही नव्हता. दोघींचा उभा, समोरून, पायांपासून डोक्यापर्यंत. गोदी त्यात दिसता कामा नये.

रविवारी दोघी आल्या. बाईने ठेवणीतली साडी नेसली होती, केसांत अबोलीचा गजरा होता. मुलीने आईचा हात धरला आणि मग फोटोत हात धरतात की नाही याचा विचार पडून सोडला. विद्यार्थ्याने त्यांना एका जुन्या गोदामाच्या दगडी भिंतीपुढे उभे केले. प्रकाश बाजूने घ्यावा, त्यांना बोलते करावे, नजर दुसरीकडे वळवावी, अशा साऱ्या गोष्टी त्याला येत होत्या. त्यांपैकी एकही त्याने केली नाही. दोघी कॅमेऱ्याकडे रोखून पाहत ताठ उभ्या राहिल्या. त्याने तीनच चौकटी घेतल्या. नंतर त्याने दोघींची नावे विचारली आणि वहीत लिहून घेतली. त्या गोदीवर त्याने कोणाचे नाव विचारण्याची ती पहिलीच वेळ होती.

डार्करूममध्ये ते चित्र उमटू लागले तेव्हा त्याला घरच्या भिंतीवरील आजीची आठवण झाली असेल तर नवल नाही. तीच सपाट उजेडातली उभी आकृती, तीच मधोमध जागा, तीच सरळ नजर. आजवर ज्याला तो अडाणीपणा समजत आला त्यात एक मागणी होती: मी जशी उरू इच्छिते तशी मला ठेव. गावच्या स्टुडिओतील छायाचित्रकाराला प्रकाशाचे शास्त्र कदाचित कमी येत असेल; पण आपण काढलेले चित्र कोणाच्या भिंतीवर जाणार हे त्याला प्रत्येक वेळी ठाऊक असे. या एका बाबतीत तो महाविद्यालयातील सर्वांच्या पुढे होता.

तथापि, सारी चित्रे माणसांच्या इच्छेप्रमाणेच काढावीत, असाही याचा अर्थ नव्हे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुनील जाना यांनी घेतलेली छायाचित्रे कोणी हौसेने काढून घेतलेली नव्हती. ती घेतली गेली नसती तर त्या भुकेचा एक मोठा पुरावा नाहीसा झाला असता. साऱ्यांना रुचेल तेच दाखवायचे ठरवले तर छायाचित्र केवळ शुभप्रसंगांपुरते उरेल. विद्यार्थ्यालाही हे कळत होते. कोळंबीतले हात खोटे नव्हते, आणि गजरा माळलेली बाईही खोटी नव्हती. प्रश्न एवढाच होता की, पहिल्या चित्राचा मालक तो एकटा होता, आणि दुसऱ्याची मालकी दोघांत वाटलेली होती.

मार्च १९९७ मध्ये अंतिम प्रदर्शनाची मांडणी सुरू झाली. प्रत्येकाला भिंतीचा एक ठरावीक भाग मिळाला. त्याने गोदीची अकरा चित्रे लावली आणि बाराव्या जागी मायलेकींचे चित्र टांगले. त्याखाली दोघींची नावे सुवाच्य अक्षरांत लिहिली. एका शिक्षकांचे मत पडले की, या चित्राने साऱ्या मालिकेचा तोल जातो. ते काढून टाकल्यास गुण नक्की वाढतील. दुसरे शिक्षक काही न बोलता त्या चित्रापुढे थोडे अधिक वेळ थांबले. जाहिरातसंस्थांची माणसे हीच प्रदर्शने पाहून नोकऱ्या देत. तेव्हा हा केवळ गुणांचा प्रश्न नव्हता. त्याने दोन दिवस विचार केला. एकदा चित्र भिंतीवरून उतरवले, आणि रात्री पुन्हा लावले. परीक्षकांनी त्या चित्राविषयी विचारले तेव्हा त्याला नीटसे उत्तर देता आले नाही. या चित्रातल्या बाईने ते मागितले होते, एवढेच तो म्हणाला. त्याला द्वितीय श्रेणी मिळाली. हातांच्या चित्राची मात्र स्तुती झाली.

ती डार्करूम आता इतिहासजमा झालेल्या गोष्टींपैकी आहे. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात अंकीय कॅमेरे आले आणि रोल, हायपो, लाल दिवा यांची गरज सरत गेली. उटकमंडच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्समध्ये तयार होणारी ‘इंदू’ फिल्म दुकानांतून नाहीशी झाली. कोडॅकसारख्या बलाढ्य कंपनीने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. आजचा अंतिम वर्षाचा विद्यार्थी एका सकाळी हजार चौकटी घेऊ शकतो, आणि घेतलेले चित्र त्याच क्षणी समोरच्या माणसाच्या फोनवर पाठवू शकतो. दुसरी प्रत फुकट झाली आहे. ती दिली जातेच असे मात्र नाही. कारण ती अडत होती ती केवळ कागदाच्या किमतीमुळे नव्हे.

२०१७ च्या अखेरीस ससून गोदीत एक कलाप्रदर्शन भरले. त्या वेळी गोदीच्या जुन्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर तेथे काम करणाऱ्या माणसांचे प्रचंड आकाराचे कृष्णधवल चेहरे चिकटवण्यात आले. समोरून घेतलेले, सरळ पाहणारे चेहरे. शहरातून प्रदर्शन पाहायला येणाऱ्यांना प्रथम त्यांच्या नजरेखालून जावे लागे, आणि पहाटे पाट्या घेऊन येणाऱ्या बायका वर पाहून, कोण कोणती ते एकमेकींना दाखवू शकत. कागद पाऊसवाऱ्याने जाणारच होता. तरी दीडशे वर्षांच्या आसपास वय असलेल्या त्या भिंतीला तेथील माणसे अशी ओळखीची झाली, ही गोष्ट लहान नव्हे.

छायाचित्रणाचे तंत्र तीन वर्षांत शिकून होते. अंतिम वर्ष त्यासाठी नसतेच. ते असते ते आपल्या चित्राला एकाहून अधिक धनी असतात, हे कळण्यासाठी. आणि ज्यांना ते त्या वर्षी कळत नाही त्यांना ते पुढे कळणे अवघड जाते, कारण पुढे चित्रांचे पैसे मिळू लागतात. धुण्याच्या तबकात एकाच निगेटिव्हच्या दोन प्रती शेजारी शेजारी तरंगत असतात तेव्हा त्यांत कसलाही भेद नसतो. त्यांतली कोणती परीक्षकांपुढे जाणार आणि कोणती गोदीवरच्या एखाद्या घरात, हे कागदावर कोठेही लिहिलेले नसते. दोन्ही सारख्याच काळजीने धुवाव्या लागतात, आणि तासभर पाणी वाहते ठेवावे लागते.